घड्याळही बरोबर, सूर्यही बरोबर



आधी माझी थोडी ओळख करून देतो. मी तोफखान्यातला माणूस. १९८१ साली कमिशन मिळालं, तेहतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, साधा पदवीधर आहे. पण आमच्या कामात सूर्य आणि घड्याळ या दोघांशी रोजचा संबंध येई. त्यातून जे शिकलो, आणि एकदा मोठी चूक करून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात उज्जैनपासून करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन तिथली वेधशाळा बघायला गेलो होतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा. पुढे तिची पडझड झाली, तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३च्या सुमारास दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञांनी तिचा कारभार पाहिला. तिथं सम्राट यंत्र आहे, म्हणजे दगडाविटांचं भलंमोठं सूर्यघड्याळ. नातीनं सावली वाचली, मग माझ्या मोबाइलमध्ये पाहिलं. मोबाइलमध्ये बरोबर बारा वाजले होते आणि यंत्रावर बाराला दहा मिनिटं कमी. ती म्हणाली, "आजोबा, यंत्र बिघडलंय."

मी म्हटलं, "नाही गं, यंत्र बरोबर आहे."

"मग मोबाइल चुकलाय?"

"तोही बरोबर आहे."

तिला ते पटलं नाही. न पटणं साहजिकच होतं. मला स्वतःला ते पटायला पंचविसाव्या वर्षी एक फजिती व्हावी लागली. ती गोष्टही नोव्हेंबरातलीच.

साल १९८५. मी कॅप्टन होतो. जैसलमेरच्या बाजूला वाळवंटात आमचा सराव होता आणि दोन दिवसांनी तोफा चालणार होत्या. तोफ डागायची तर आधी खरी उत्तर दिशा पक्की हवी. तोफ दहा किलोमीटर लांब मारा करते आणि निशाण तोफचीला दिसत नसतं. तो फक्त आकड्यावर विश्वास ठेवतो. आज ही दिशा उपकरणं काढून देतात. तेव्हा आम्ही ती थिओडोलाइटनं सूर्याचा वेध घेऊन काढत होतो. पद्धत सोपी आहे. सूर्य कुठल्या क्षणी कुठे असतो हे गणितानं ठाऊक असतं. त्यामुळे वेळ अचूक माहीत असेल तर सूर्याकडे बघून उत्तर दिशा सांगता येते. रेडिओवरच्या सिग्नलशी घड्याळ सेकंदापर्यंत मिळवायचं, सकाळी साडेआठच्या सुमाराला वेध घ्यायचा आणि तक्ते उघडून आकडेमोड करायची.

मी सगळं केलं. कागदावर सही केली. माझ्या हाताखाली साताऱ्याकडचे एक हवालदार होते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी होकायंत्र लावून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पाच अंशाचा फरक येतोय."

मी म्हटलं, "होकायंत्र लोखंडाजवळ चुकतं. सूर्य चुकत नाही."

ते म्हणाले, "सूर्य नाही चुकत साहेब. पर आकडा येकदा बघा की."

मला राग आला. तरुण अधिकाऱ्याला असा राग फार लवकर येतो. मी आकडे पुन्हा पाहिले नाहीत. हवालदारांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सपाट जागेवर ओळंबा लावून एक काठी रोवली आणि अकरा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खिळा ठोकत बसले. माझ्या हिशेबानं त्या दिवशी सूर्य माथ्यावर यायला हवा होता एक वाजून गेल्यावर. सावली सगळ्यात आखूड झाली साडेबाराला.

तेव्हा मी वही उघडली. सोळा मिनिटांची एक दुरुस्ती होती. ती मिळवायची, तर मी वजा केली होती. म्हणजे बत्तीस मिनिटांची चूक. त्यातून दिशेत पाच अंशांची. दहा किलोमीटरवर पाच अंश म्हणजे पावणेनऊशे मीटर. गोळा निशाणापासून पावणेनऊशे मीटर बाजूला पडला असता. त्या बाजूला कोण असतं, याचा विचार आजही नको वाटतो. मी बॅटरी कमांडरकडे जाऊन चूक सांगितली आणि कागद बदलला. बोलणी खाल्ली ती वेगळी.

आता ती सोळा मिनिटं कुठून आली ते बघू.

सूर्य आणि घड्याळ यांच्यात दोन कारणांनी अंतर पडतं. पहिलं कारण तुम्ही कुठं राहता हे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपलं सगळ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेलं आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जैसलमेर तिच्या साडेअकरा अंश पश्चिमेला आहे. म्हणून तिथं सूर्य घड्याळाच्या सेहेचाळीस मिनिटं मागं असतो. उज्जैनला सत्तावीस मिनिटं मागं. मुंबईला एकोणचाळीस मिनिटं मागं.

दुसरं कारण कोणत्या दिवशी पाहता हे. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी चोवीस तासांत पूर्ण करत नाही. ताऱ्यांच्या हिशेबानं तिला २३ तास ५६ मिनिटं आणि ४ सेकंद लागतात. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढं सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी एक अंश वळावं लागतं. एक अंश म्हणजे चार मिनिटं. झाले चोवीस तास. म्हणूनच वर्षात दिवस ३६५ असले तरी पृथ्वी स्वतःभोवती ३६६ वेळा फिरते. घरी मधे खुर्ची ठेवून तिच्याभोवती गोल चालून पाहा, लगेच कळेल.

पण हा एक अंश रोज सारखा नसतो. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा वेगानं धावतो. जुलैत १५.२ कोटींवर असतो आणि जरा हळू चालतो. शिवाय पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे, त्याचाही परिणाम होतो. म्हणून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ कधी चोवीस तासांहून काही सेकंद जास्त असतो, तर कधी काही सेकंद कमी. घड्याळ मात्र वर्षाची सरासरी धरून चालतं. ही सेकंदं साठत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सरासरीच्या सोळा मिनिटं पुढं असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागं. याला कालसमीकरण म्हणतात. जैसलमेरला नोव्हेंबरात माध्यान्ह साडेबाराला होते आणि फेब्रुवारीत बरोबर एक वाजता. जागा तीच, सूर्य तोच, फरक अर्ध्या तासाचा. माझी चूक याच आकड्याच्या चिन्हाची होती.

मग एक प्रश्न येतो. गावोगावी सूर्याप्रमाणेच वेळ का ठेवली नाही? पूर्वी तशीच होती. पण रेल्वे आणि तार आल्यावर प्रत्येक शहराची वेगळी वेळ परवडेना. १ जानेवारी १९०६ पासून हल्लीची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईला ते आवडलं नाही. आमची एकोणचाळीस मिनिटं का पळवता, असा लोकांचा सवाल होता. गिरणी कामगारांनीही विरोध केला. परक्या सरकारचा हुकूम म्हणूनही चीड होती. मुंबईत 'बॉम्बे टाइम' थेट १९५५ पर्यंत टिकून राहिली.

ही कुरकुर आपल्याला आज गमतीची वाटते. पण मी जैसलमेरनंतर काही वर्षांनी अरुणाचलच्या पूर्व टोकाकडे होतो. तिथं ती गमतीची वाटत नाही. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि अरुणाचलच्या पूर्व टोकाला सव्वाचारच्या आसपास. जूनमध्ये तिथं पावणेचारला चांगलं फटफटतं. शाळा-कचेऱ्या उघडेपर्यंत दिवसाचा केवढा तरी भाग उलटून गेलेला असतो. आसामच्या चहाच्या मळ्यांनी यावर आपला उपाय कधीचाच काढला आहे. त्यांची 'बागान टाइम' प्रमाणवेळेच्या एक तास पुढं चालते. देशात दोन वेळा असाव्यात ही मागणी ईशान्येतून वरचेवर येते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या, म्हणजे जिथं आपली प्रमाणवेळ राखली जाते तिथल्याच शास्त्रज्ञांनीही २०१८ मध्ये तसा प्रस्ताव मांडला होता. दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या सुरक्षिततेची काळजी आहे, एका देशाची एक वेळ ही भावनाही आहे. निर्णय सरकारनं करायचा. मी एवढंच म्हणेन की पुण्या-इंदुरात बसून त्या मागणीला हसू नये.

सैन्यानं यातून आपला मार्ग काढलेला आहे. पहाटे हल्ल्याची शक्यता जास्त, म्हणून सगळे जवान हत्यारं घेऊन मोर्च्यात उभे राहतात. त्याला 'स्टँड-टू' म्हणतात. त्याची वेळ घड्याळाच्या आकड्यानं बांधून टाकत नाहीत, 'फर्स्ट लाइट'वर ठरवतात. त्या ठिकाणी, त्या दिवशी पहिला उजेड कधी होतो, त्याचा तक्ता असतो. घड्याळ सगळ्यांनी एकत्र काम करण्यासाठी, उजेड शत्रू दिसण्यासाठी. दोन्हींची गरज आहे.

आता दिवसावरून वर्षाकडे येऊ. इथं अडचण वेगळी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा ऋतूंचं एक चक्र ३६५.२४२२ दिवसांत पूर्ण होतं. शेवटचा तो अपूर्णांक कुठल्याच हिशेबात नीट बसत नाही. त्यात चंद्राचे बारा महिने होतात ३५४ दिवसांचे. म्हणजे अकरा दिवस कमी. सूर्य आणि चंद्र दोघांनाही एकाच वेळी खूश ठेवता येत नाही. प्रत्येक समाजानं आपापली निवड केली.

हिजरी कालगणनेनं फक्त चंद्र धरला. म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत ईदनं ही फेरी पूर्ण केली. जवानांबरोबर शेवया कडाक्याच्या थंडीतही खाल्ल्या आणि मे महिन्याच्या उन्हातही.

युरोपनं फक्त सूर्य धरला. जूलियन पद्धतीत दर चौथं वर्ष लीप, म्हणजे वर्ष ३६५.२५ दिवसांचं. खऱ्या वर्षापेक्षा हे अकरा मिनिटांनी जास्त. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला समान दिवसरात्रीचा दिवस, दहा दिवस सरकला. म्हणून पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर केला. आणि नियम केला की शतकाचं वर्ष ४०० नं भागलं तरच लीप. म्हणून २००० लीप होतं, २१०० नसेल. माझी नात तेव्हा असेल. त्या फेब्रुवारीत तिला आजोबांची आठवण झाली तर बरं.

आपल्या पंचांगानं सूर्य आणि चंद्र दोघांनाही सांभाळलं. महिने चंद्राचे, पण दर साडेबत्तीस महिन्यांनी, म्हणजे सरासरीनं, एक अधिक महिना घालायचा. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत येत नाही तो अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. सासरी जावयाला धोंडे मिळतात ते या साडेबत्तीस महिन्यांच्या गणिताच्या कृपेनं. यामुळे आपली दिवाळी वीसेक दिवस मागंपुढं होते, पण कधी पावसाळ्यात जात नाही.

तरी या पंचांगातही एक सरक राहिली आहे. आपले बहुतेक पंचांगकर्ते वर्ष ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याची एक फेरी जवळजवळ २६,००० वर्षांची आहे. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' हे पुस्तक याच डुलण्याच्या आधारावर १८९३ मध्ये लिहिलं. त्या वीस मिनिटांचा सुमारे एकाहत्तर वर्षांत एक दिवस होतो.

आता हे पानिपताला लावून पाहा. १४ जानेवारी १७६१. आपण लहानपणापासून म्हणतो की संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली. मीही अनेक वर्षं जवानांना तसंच सांगत आलो. निवृत्तीनंतर एकदा हिशेब करून बसलो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी शंभर वर्षं मागं गेलं तर संक्रांत येते १० जानेवारीच्या सुमाराला. पानिपतची लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी. १४ जानेवारी ही संक्रांतीची तारीख आपल्या काळातली. आपण ती नकळत १७६१ वर चिकटवली. पानिपतचं दुःख यानं कमी होत नाही. पण इतिहास सांगताना तारीख बरोबर असावी, असं मला सैनिक म्हणून वाटतं. आता तर संक्रांत काही वर्षी १५ जानेवारीला येते. दिवस मोठा व्हायला सुरुवात होते ती डिसेंबरच्या २१-२२ तारखेला. हे दोन्ही दिवस एकत्र होते त्याला सतराशे वर्षं झाली. मेघनाद साहा यांच्या समितीनं म्हणूनच ऋतूंशी जोडलेलं राष्ट्रीय पंचांग सुचवलं आणि ते २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामकाजात आलं. घरात ते रुजलं नाही. सणाला माणूस ऋतूसाठी जितका धरून असतो तितकाच आईच्या हातच्या तिळगुळासाठीही असतो. मीही १४ लाच तिळगूळ वाटतो.

शेवटचा मुद्दा. पृथ्वी स्वतः तरी पक्कं घड्याळ आहे का? नाही. चंद्रामुळे होणारी भरती-ओहोटी तिला शतकानुशतकं अगदी किंचित मंद करते आहे. मधेच ती काही वर्षं जरा वेगानंही फिरते. म्हणून १९६७ पासून सेकंद पृथ्वीवरून मोजत नाहीत. सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. या अणुघड्याळाशी पृथ्वीचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २७ वेळा एकेक सेकंद मिळवला गेला. शेवटचा सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला सकाळी साडेपाचला आला, तेव्हा ५ वाजून २९ मिनिटांच्या पोटात साठऐवजी एकसष्ट सेकंद होते. आता संगणकांना हा जादा सेकंद त्रासाचा होतो, म्हणून ही पद्धत २०३५ पर्यंत सोडून द्यायचं जगातल्या देशांनी ठरवलं आहे.

तर मंडळी, नकाशावाचन शिकवताना आम्ही सांगायचो की नकाशा आणि जमीन जुळत नसेल तर जमीन खरी. पण म्हणून नकाशा फेकून देत नाहीत, त्यातली दुरुस्ती शिकतात. घड्याळ आणि पंचांग हे पृथ्वीच्या दोन गतींचे नकाशे आहेत. ते माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी केले. त्यात दुरुस्ती किती आणि कुठल्या बाजूची, हे कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. आणि हाताखालचा माणूस "आकडा येकदा बघा" म्हणाला, तर बघितला पाहिजे.

ते हवालदार पुढं नायब सुभेदार होऊन गावी गेले. संक्रांतीला त्यांचा फोन यायचा. "साहेब, तिळगूळ घ्या," म्हणायचे, आणि मग हळूच, "चिन्ह बघून घ्या." चार वर्षांपूर्वी ते गेले.

तुम्ही सुरत, हैदराबाद, बेळगाव, कोलकाता, जिथं असाल तिथं येत्या रविवारी गच्चीवर एक काठी उभी करा. ओळंबा लावून सरळ करा. अकरा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. पूर्वेकडे राहणाऱ्यांनी साडेदहालाच बसा. सगळ्यात आखूड सावली ज्या क्षणी पडेल तो तुमचा स्वतःचा मध्यान्ह, आणि ती सावली ज्या रेषेत असेल ती तुमची खरी उत्तर-दक्षिण. घरातल्या मुलांना सोबत घ्या. घड्याळाशी फरक किती आला ते त्यांनाच काढू द्या.

नमस्कार. जय हिंद.